चेंडू चालला, कप चालला नाही : बाळू पालवणकर आणि निवडीचा प्रश्न



कल्याण पूर्वेला आम्ही काही कार्यकर्ते मिळून एक अभ्यासिका चालवतो. तिथे येणारा एक मुलगा डावखुरा फिरकी गोलंदाज आहे. गेल्या वर्षी त्याला ठाण्यातल्या एका क्रिकेट अकादमीतून बोलावणे आले. वस्तीत आनंद झाला. चार महिने दर शनिवार-रविवारी सकाळची लोकल पकडून तो जात राहिला. तिथे फी भरून शिकणाऱ्या मुलांना तो नेटमध्ये दोन-दोन तास बॉल टाकायचा. बदल्यात नाश्ता आणि येण्या-जाण्याचे भाडे. एके दिवशी त्याने विचारले, "सर, मी पण थोडी बॅटिंग करू?" उत्तर आले, "तू बॉलर आहेस ना? मग बॉलिंग कर." नंतर तो गेला नाही.

त्याच सुमारास जयंतीनिमित्त टेनिस बॉलच्या सामन्यांची बैठक होती. चषकाला कोणाचे नाव द्यायचे यावर चर्चा चालली होती. आम्ही सुचवले, 'बाळू पालवणकर चषक'. अर्ध्या मुलांना हे नाव माहीत नव्हते. उरलेल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवरून एवढेच ठाऊक होते की ते पहिले दलित क्रिकेटपटू. तेवढ्यात मागे बसलेले एक ज्येष्ठ काका उठले. म्हणाले, "ज्याने बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढवली, त्याच्या नावाने जयंतीचा चषक? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

बैठक तिथेच थांबली. काकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ते अर्धे होते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे कौतुकही अर्धेच होते. इतिहास असा अर्धा-अर्धा वाटून घेतला की तो कुणाच्याच कामाचा राहत नाही. म्हणून हा लेख.

चार रुपये पगार, आठ आणे बक्षीस

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे बाळूंना पारशांच्या एका क्रिकेट क्लबात काम मिळाले. काम म्हणजे खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे आणि अधूनमधून सभासदांना बॉल टाकणे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार चार रुपये झाला. कामे तीच, शिवाय नेट उभारणे आणि टेनिसच्या कोर्टावर रेघा मारणे.

तिथल्या एका इंग्रज खेळाडूने त्यांना नेटमध्ये गोलंदाजी करायला सांगितले. मग कॅप्टन जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज इतरांच्या आधी येऊन बाळूंकडून तासभर सराव करून घेऊ लागला. बाळूंनी त्याला बाद केले की तो आठ आणे देत असे, अशी हकीकत सांगितली जाते. हिशोब करून पाहा. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. ग्रेगला आठ वेळा बाद केले की महिन्याच्या पगाराइतके पैसे. एवढ्या पैशांसाठी कोणता तरुण जीव ओतून गोलंदाजी करणार नाही?

पण याच हकीकतीची दुसरी बाजूही आहे. पूना क्लबच्या नेटमध्ये शेकडो तास गोलंदाजी केली, पण तिथे एकदाही बॅट हातात मिळाली नाही, असे बाळूंनी पुढे आपल्या मुलाला सांगितले होते. कल्याण पूर्वेच्या आमच्या त्या मुलाला हे आम्ही सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता हसला.

गोलंदाजी हे कष्टाचे काम आणि फलंदाजी ही मालकाची मौज, ही वाटणी इंग्लंडमधूनच आलेली. तिथे हौशी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेअर' असे दोन वर्ग होते. दोघांच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारे वेगळी. उन्हातान्हात गोलंदाजीचा भार मुख्यतः पगारी खेळाडूंवर आणि कर्णधारपद हौशी खेळाडूकडे. इंग्लंडच्या संघाला विसाव्या शतकातला पहिला पगारी कर्णधार लेन हटन १९५२ साली मिळाला आणि हा भेद अधिकृतपणे संपायला १९६२ साल उजाडले. तो भेद वर्गाचा होता. आपल्याकडे आल्यावर त्याला जातीचे कुंपण पडले. जात ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. तेच पूना क्लबच्या नेटमध्ये चाळीस-पंचेचाळीस वर्षे आधी घडत होते.

मातीचा कप

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. शहरातला सर्वांत चांगला गोलंदाज त्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण तो अस्पृश्य होता. क्लबातल्या तेलुगू सभासदांचे म्हणणे पडले की त्याला घ्यावे. पुण्याचे ब्राह्मण सभासद कुरकुरत होते. बाळूंना बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचे मत खुद्द ग्रेगने वर्तमानपत्रातून दिले. शेवटी बाळूंना घेतले गेले.

घेतले म्हणजे काय झाले? मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सगळ्यांनी अडवला, झेलला, एकमेकांकडे फेकला. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू तंबूत चिनीमातीच्या कपात चहा घेत. बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. हात-तोंड धुवायचे तर क्लबातला अस्पृश्य नोकरच एका कोपऱ्यात पाणी घालणार. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे.

मित्रहो, इथे थोडे थांबा. चेंडू चामड्याचा. चामड्याचे काम करणाऱ्या जातीला ज्यांनी गावाबाहेर ठेवले, त्यांनाच तो चामड्याचा चेंडू हातात घेताना विटाळ झाला नाही. कारण त्या चेंडूने सामना जिंकायचा होता. कपाने काही जिंकायचे नव्हते. विटाळ ही श्रद्धेची बाब आहे असे आपल्याला सांगितले जाते. पण फायदा असेल तिथे विटाळ सोयीने बाजूला ठेवता येतो, हे पुण्याच्या त्या मैदानावर सिद्ध झाले.

पुढे साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यावर बाळूंनी विजय मिळवून दिला. यजमानांनी त्यांची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टी दाबून दाबून तयार केली होती, तरी त्यांनी सात बळी घेतले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खायला-प्यायला काय हरकत, असेही त्यांनी सवर्ण खेळाडूंना सुनावल्याचे सांगतात. टिळकांनीही जाहीर सभेत बाळूंची स्तुती केली. हार मिळाले, टाळ्या मिळाल्या. यातले काहीही हक्क म्हणून मिळाले नव्हते.

'लगान' आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याची गोष्ट १८९३ सालची आहे, म्हणजे बाळू पूना क्लबात बॉल टाकत होते तेव्हाचीच. त्यात कचरा नावाचा अस्पृश्य आहे. त्याचा हात अधू आहे आणि त्या अधू हातामुळे चेंडू आपोआप वळतो. नायक त्याला शोधून काढतो आणि त्याच्यासाठी भाषण करतो. कचरा स्वतः जवळपास गप्पच. प्रस्थापितांच्या कल्पनेत आपला गुण हा असा अपघाताने आलेला असतो. खऱ्या पुण्यातल्या खऱ्या गोलंदाजाचा हात अधू नव्हता. त्याची फिरकी वर्षानुवर्षांच्या घामातून आली होती. मेहनतीला अपघात म्हणायचे आणि वारशाने मिळालेल्या सोयीला 'मेरिट' म्हणायचे, ही चलाखी आजही नोकरीच्या मुलाखतीत आणि कॉलेजच्या कट्ट्यावर आपल्याला भेटते.

मैदानात हिंदू, तंबूत अस्पृश्य

पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा बाळू मुंबईला आले. बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. इथेही काही सभासदांचा विरोध झाला. कर्णधार कीर्तिकरांनी त्यांची समजूत काढली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने या भावांना संघात घेतल्याबद्दल हिंदूंचे कौतुक केले. कौतुक कोणाचे झाले ते लक्षात घ्या. बळी बाळूंनी घेतले आणि उदारपणाचे श्रेय घेणाऱ्यांना मिळाले.

तो काळही पाहायला हवा. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९१० साली जनगणना आयुक्त गेट यांनी परिपत्रक काढून अस्पृश्यांना हिंदूंत कितपत मोजावे याची चौकशी सुरू केली, तेव्हा सवर्णांमध्ये खळबळ उडाली. डोकी मोजायची वेळ आली की आपण हिंदू, आणि पाण्याला हात लावायची वेळ आली की अस्पृश्य. बाळू हे रोज मैदानावर जगत होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळू मात्र पस्तिशीत असूनही प्रथम दर्जाच्या सामन्यांत ७५ बळी घेऊन आले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एकाच डावात आठ जणांना बाद केले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. रामचंद्र गुहा यांनी बाळूंवर सविस्तर लिहिले आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार त्या सत्काराचे मानपत्र वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने दिले. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

त्या काळात आपल्या समाजातला माणूस पराक्रमी म्हणून वर्तमानपत्रात झळकणे ही दुर्मीळ गोष्ट होती. एल्फिन्स्टनमध्ये शिकणाऱ्या त्या तरुणाला बाळूंचा अभिमान वाटला नसता तरच नवल.

कर्णधार कोण ठरवतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बाळू हिंदूंचे सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. तरी ते हिंदूंचे कर्णधार कधीच झाले नाहीत. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीरपणे म्हटले की हा मान ज्येष्ठ खेळाडू म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. पैंचे मन मोठे होते. निवड समितीचे नव्हते. कर्णधार हुकूम देतो, आणि अस्पृश्याने सवर्णाला हुकूम देणे हे व्यवस्थेला मातीच्या कपापेक्षाही जड होते.

धाकटे भाऊ विठ्ठल हे उत्तम फलंदाज होते. १९२० साली चौरंगी सामन्यांत पै आजारी पडले. विठ्ठल यांचा हक्क डावलून दि. ब. देवधरांना कर्णधार केले गेले आणि बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्यावर जातीमुळे अन्याय होतो आहे असे जाहीर निवेदन काढले. हा प्रसंग आपल्या मुलांना माहीत हवा. महाडच्या सत्याग्रहाच्या सात वर्षे आधी दोन अस्पृश्य खेळाडूंनी मुंबईत बहिष्काराचे हत्यार उचलले होते. परिणाम झाला. पुढच्या सामन्यात भाऊ परतले, बाळूंना घेऊन त्यांना उपकर्णधार करावे लागले. १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि युरोपियनांना हरवल्यावर लोकांनी त्यांना खांद्यावर उचलले. बळी घेऊन जे वीस वर्षांत मिळाले नव्हते, ते एका नकारानंतर तीन वर्षांत मिळाले.

अमेरिकेतही हेच घडले. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि आधीचा पिचर थकला की मध्येच ज्याला बोलावतात तो रिलीफ पिचर. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर आयुष्यभर काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला, कारण मोठ्या लीगची दारे त्याच्यासाठी बंद होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन आत शिरला. १९४८ साली क्लीव्हलँडने पेजला घेतले आणि पहिल्या सामन्यात त्याला रिलीफ पिचर म्हणून उतरवले. तेव्हा त्याचे वय होते बेचाळीस. पण संघ चालवणारा, म्हणजे मॅनेजर, कृष्णवर्णीय व्हायला १९७५ साल लागले. तो फ्रँक रॉबिन्सन, त्याच क्लीव्हलँडचा. खेळायला घेणे आणि कारभार हाती देणे यांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर पडले. काळा हात चेंडू फेकायला चालतो, पण कोणाला खेळवायचे हे ठरवायला चालत नाही.

१९३७ : काकांचा प्रश्न

आता काकांच्या आक्षेपाकडे. खेळ संपल्यावर बाळू राजकारणात आले. एम. सी. राजा यांच्याबरोबर ते संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीच्या विरोधात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूंचीही. बाबासाहेबांनी ती गांधींच्या उपोषणाच्या दडपणाखाली केली. बाळूंना तो मार्ग मनापासून पटलेला होता. १९३३ साली हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेसाठी ते उभे राहिले आणि हरले. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

हे लपवायचे कारण नाही. बाळूंची राजकीय भूमिका चुकीची होती असेच आमचे मत आहे. पण ती का झाली, हे शिव्या देऊन कळणार नाही. ज्या माणसाला आयुष्यात मिळालेली प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी भल्या सवर्णाने किंवा गोऱ्याने शब्द टाकल्यामुळे मिळाली, त्याला वाटणारच की आपण गुण दाखवत राहिलो तर एक दिवस यांचे मन बदलेल. ग्रेग, कीर्तिकर, रानडे, पै. बाळूंच्या वाट्याला भली माणसे आली होती. बाबासाहेबांनी नेमके हेच ओळखले की भल्या माणसांवर समाजाचे भवितव्य टांगता येत नाही. आज पै आहेत, उद्या ते आजारी पडतील.

हिंदू जिमखान्याच्या निवड समितीने बाळूंना निवडले, कारण त्यांचा उपयोग होता. काँग्रेसने त्यांना उमेदवार म्हणून निवडले, त्यालाही कारण तेच. संयुक्त मतदारसंघ म्हणजे तीच निवड समिती. आपल्या समाजाचा प्रतिनिधी कोण, हे ठरवण्यात आपल्यापेक्षा इतरांची मते भारी पडणार. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला. प्रतिनिधी आपल्यातलाच, पण निवडणारे हात दुसऱ्यांचे.

म्हणून काकांना आमचे नम्र उत्तर असे. काका, तुम्ही १९३७ विसरू नका म्हणता ते बरोबर आहे. आम्ही ते विसरणार नाही. पण त्या निवडणुकीत हरलेला माणूस आपला शत्रू नव्हता. ४ जुलै १९५५ रोजी बाळू गेले, धम्मदीक्षेच्या सव्वा वर्ष आधी. त्यांना गद्दार ठरवले की त्यांना वापरणारे मोकळे सुटतात. आणि नुसते 'पहिले दलित क्रिकेटपटू' म्हणून त्यांचा फोटो लावला की मातीचा कप देणारेही टाळ्या वाजवायला पुढे येतात.

मग आपण काय करायचे?

आमच्या बैठकीत शेवटी असे ठरले. मुख्य चषक नेहमीप्रमाणे बाबासाहेबांच्या नावाचाच. सर्वोत्तम गोलंदाजाच्या बक्षिसाला बाळू पालवणकर यांचे नाव. आणि बक्षीस देताना दहा मिनिटे त्यांची पूर्ण गोष्ट सांगायची, १९११ ची, १९२० ची आणि १९३७ ची सुद्धा. बक्षीस काकांच्या हस्ते दिले. काका मुलांना म्हणाले, "बॉलिंग याच्यासारखी करा, मतदान बाबासाहेब सांगतील तसं करा." सगळे हसले. आम्हाला मात्र वाटले की लेखात आम्हाला जे सांगायचे होते ते काकांनी एका वाक्यात सांगून टाकले.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथच्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपली मुले गुणवान आहेत का, हा प्रश्न बाळूंनी शंभर वर्षांपूर्वी सोडवला आहे. तो पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसू नका. अकादमीत, कंपनीत, कॉलेजात, पक्षात, कुठेही तुम्हाला घेतले तर आनंदाने जा, पण पहिल्या दिवसापासून पाहा की निवडणाऱ्यांच्या खुर्चीत कोण बसले आहे. तिथे आपला माणूस जाईल यासाठी संघटित व्हा. क्रिकेट संघटनांच्या निवडणुका, शाळेच्या व्यवस्थापन समित्या, सोसायटीची कमिटी, महापालिकेचा वॉर्ड, काहीही लहान समजू नका. आणि वेळ आली तर विठ्ठल आणि शिवराम यांच्यासारखे संघातून बाहेर पडण्याची तयारी ठेवा. विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीतच निघाले आहे. आपल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या गाईडशेजारी ते का नसावे?

आमचा तो डावखुरा मुलगा या वर्षी वस्तीच्या संघातून खेळला. त्याने तीन बळी घेतले. सहाव्या क्रमांकावर बॅटिंगलाही आला. अकरा धावा काढून बाद झाला. पुढच्या वर्षी संघ निवडणाऱ्या समितीत त्याला घ्यायचे असे आम्ही ठरवले आहे.

जय भीम! जय संविधान!